गेरूचा ठिपका

"ठिपका पुसला की मार संपला, मग घरी जाऊन त्याचं नाव काढायचं नाही," असं तुळजाराम एकदा म्हणाला होता. कुठल्या तरी भांडणाच्या संध्याकाळी म्हणाला होता. पुढे भांडण विसरलं गेलं आणि वाक्य राहिलं, पाणी ओसरल्यावर काठाला गाळ राहतो तसं. त्याच्याकडे नव्यानं येणाऱ्या पोराला काठी धरायला शिकवण्याआधी जुनी पोरं हे वाक्य शिकवत.

तो सिलंबम शिकवायचा. सिलंबम म्हणजे तमिळ मुलखातला लाठीचा खेळ. वेताची लांब काठी, दोघं समोरासमोर, आणि ज्याची काठी दुसऱ्याच्या अंगाला टेकली त्याला गुण. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी जी घरं आहेत, त्यांतल्या एका घरात तुळजाराम वाढला. वीज खात्यात खांबावर चढण्याच्या नोकरीत त्याचे केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर वडवारु कालव्याच्या काठी एक उंचसखल जागा त्यानं स्वतः कुदळीनं सपाट केली आणि तिथे रोज संध्याकाळी शिकवू लागला. पोरं त्याला वाद्यार म्हणत. वाद्यार म्हणजे गुरुजी.

काठीच्या दोन्ही टोकांना चिंधी गुंडाळलेली असे आणि ती ओल्या गेरूत बुडवलेली असे. काठी लागली की अंगावर लाल ठिपका उठे. त्यामुळे वाद उरत नसे. खेळ संपला की पोरं ओळीनं उभी राहत. तुळजाराम कालव्यात पंचा भिजवून आणी आणि एकेकाच्या अंगावरचे ठिपके वाचत जाई.

"खांदा. झोपला होतास. मांडी. पाय कुठं, जेवायला गेला होता? मनगट. हे बरं आहे, हे मी पण खाल्लं असतं."

वाचून झालेला ठिपका तो स्वतःच्या हातानं पुसायचा. खांबावर चढून राठ झालेला तो हात पुसताना फार हलका होई. पुसल्यावर त्या माराबद्दल कुणी कुणाला काही बोलायचं नाही, असा नियम. कारण त्याच्या लहानपणी ह्याच गल्लीत एका पोराच्या काठीनं दुसऱ्याच्या कानशिलावर वळ उठला होता. वळ घरी गेला, घरून शेजारी गेला, आणि दोन घरांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं. मुळात मराठी घरं मोजकी. त्यांतली दोन एकमेकांना बंद झाली तर सणाला हळदीकुंकवाला बोलवायचं कुणाला? तुळजारामला हे सगळं पंच्याच्या एका फटक्यात मिटवायचं होतं. आणि बरीच वर्षं ते मिटत होतं.

हेल्मेटही त्यानंच आणलं. नोकरीत असताना खांबावरून निसटलेला लोखंडी पाना खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या डोक्यावर आदळताना त्यानं पाहिला होता. हेल्मेटला चीर गेली, माणूस शिव्या देत उठला आणि बिडी ओढायला गेला. त्या दिवसापासून तुळजाराम हेल्मेटला देवासारखं मानू लागला. त्यांच्या तुकडीत एक पद्धत होती. डोक्यावर काही आदळलं की हेल्मेट काढायचं, फिरवून बघायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं. चीर नसेल तर पुन्हा घालायचं आणि चढायचं.

त्यानं आपल्या पोरांना हेल्मेटं घातली तेव्हा बाकीच्यांनी टिंगल केली. मराठी माणसाला तिकडे रायर म्हणतात. तिरुवैयारूचा एक म्हातारा वाद्यार भर स्पर्धेत ओरडला, "रायर, डोक्यावर पातेलं घालून पोरांना स्वयंपाकाला नेताय की काय?"

तुळजाराम म्हणाला, "पातेलं माझं, डोकं त्याच्या आईचं. दोन्ही जसंच्या तसं परत द्यायचं असतं."

घरी त्याची बायको भुवना म्हणायची, "अहो, जेवायला बसताना पण घाला. माझं सांबार उकळतं असतं."

आणि तो चुकत नव्हता, हे लिहिलंच पाहिजे. हेल्मेट आल्यापासून त्याच्याकडे कुणाची भुवई फाटली नाही, कुणाच्या कवटीला टाके पडले नाहीत. फक्त एक गोष्ट बदलली, आणि ती हळूहळू बदलल्यामुळे कुणाच्या ध्यानात आली नाही. पोरं आता डोकं मागे घेईनाशी झाली. पूर्वी काठी चेहऱ्याकडे आली की मान आपसूक वळे. हेल्मेटवरच्या माराला गुण नसे, म्हणून आता पोरं काठी हेल्मेटवर घेऊन आत घुसत आणि समोरच्याच्या छातीवर ठिपका उठवत. तुळजारामला त्यात धीटपणा दिसला. त्यानं शाबासकी दिली.

सगळ्यांत धीट अखिला होती. चंद्रमतीची मुलगी. चंद्रमती ही तुळजारामची चुलत बहीण, शाळेत शिकवते, नवरा त्रिचीला नोकरीला. अखिला तेव्हा बारावीत होती. घरात कुणी मराठीत रागावलं तर ती उत्तर तमिळमध्ये देई, पण तुळजारामशी मात्र मराठीत बोले, कारण त्याच्या मराठीत रागावणं आणि लाड एकाच सुरात असत. तिला राज्याच्या संघात जायचं होतं. खेळाडूंच्या राखीव जागेतून कॉलेजात शिरायचं होतं आणि पुढे शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं होतं.

तिची जोडीदार हरिणी. पलीकडच्या गल्लीतली, तिच्याच वर्गातली. दोघी एकमेकींना मारत आणि मग एकाच सायकलवर घरी जात.

तिरुवैयारूच्या स्पर्धेआधीचा तो गुरुवार. हरिणीची काठी फिरत आली. अखिलानं नेहमीप्रमाणे डोकं पुढे घातलं. काठी हेल्मेटच्या बाजूला, कानाच्या वर लागली. आवाज मोठा झाला नाही. अखिला पडलीही नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग काठी उचलून खेळू लागली, पण हरिणीकडे पाठ करून.

"अगे, मी हिकडे!" हरिणी हसून ओरडली.

ओळ लागली तेव्हा अखिला आपली जागा सोडून लहान मुलांच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पोरं खिदळली. "अक्का पहिलीत गेली!" तीही हसली. हसताना तिनं एक डोळा बारीक केला होता, ऊन नसताना.

तुळजाराम पंचा घेऊन आला. हेल्मेटवर अंगठ्याएवढा लाल ठिपका होता. त्यानं हेल्मेट तिच्या डोक्यावरून काढलं. कलत्या उजेडात फिरवलं. पेरानं वाजवलं, आतला स्पंज दाबून पाहिला. चीर नव्हती.

"हे हेल्मेटनं खाल्लं, तू नाहीस," तो म्हणाला आणि ठिपका पुसला. मग ते त्यानं तिच्या हातात दिलं आणि पुढच्या पोराकडे वळला.

कालव्याच्या कडेला अखिलाला उलटी झाली. हरिणीनं तिची वेणी धरून ठेवली. "अम्माला सांगू?" तिनं विचारलं.

"काय सांगणार? तू मारलंस म्हणून?" अखिला तोंड धुत म्हणाली. "पुसलंय ते. चूप बस."

त्या रात्री डोकं ठणकतंय म्हणाली तेव्हा चंद्रमतीनं अभ्यासाचं ठणकणं समजून तिला कॉफी दिली. शुक्रवारी अखिला खिडकी बंद करून पडून राहिली. शनिवारी तिला बरं वाटलं. निदान तसं ती म्हणाली.

रविवारी तिरुवैयारूत, नदीजवळच्या शाळेच्या मैदानात, ती जिंकली.  शेवटच्या क्षणी समोरच्या मुलीची काठी तिच्या हेल्मेटला निसटती लागली, कुणी दार ठोठावावं तेवढी. अखिलाचा ठिपका त्याआधीच त्या मुलीच्या छातीवर उठला होता. पंचानं तिचा हात वर केला. तो हात खाली आला, आणि हाताबरोबर तीही खाली आली. आधी गुडघ्यांवर, मग कुशीवर, अगदी सावकाश, जशी काही झोपायला जागा शोधत होती.

सगळे तिच्याकडे धावले. तुळजारामही धावला. कुणी तरी तिचं हेल्मेट उपसून बाजूला टाकलं होतं. त्यानं ते उचललं, फिरवलं, पेरानं वाजवलं. मग पुन्हा वाजवलं.

"चीर नाही," तो भोवतालच्या लोकांना सांगू लागला. "बघा, चीर नाही."

हरिणीची आई गर्दीत होती. तिनं त्याच्या हातातून हेल्मेट ओढून घेतलं आणि म्हणाली, "वाद्यार, पोरीकडं बघा."

तंजावूरच्या मोठ्या इस्पितळात अखिलाला आत नेलं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि तमिळमध्ये विचारू लागली. आज कसं लागलं? किती जोरात? आणि ह्याआधी, ह्या आठवड्यात डोक्याला काही लागलं होतं?

"नाही," तुळजाराम म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी तसं काही उरलेलंच नव्हतं.

"उलटी? डोकेदुखी? वागण्यात गोंधळ?"

"नाही, अम्मा. अंगावर आलेला प्रत्येक मार मी स्वतः बघतो."

चंद्रमती बाकावर बसली होती. तिनं मान वर केली. तेव्हा भिंतीला टेकलेली हरिणी म्हणाली, "गुरुवारी."

तुळजारामनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं कुणी तो नियम मोडला नव्हता. "हरिणी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ते पुसलेलं आहे."

"काय पुसलंय?" डॉक्टरणीनं विचारलं.

 मग हरिणी रडत रडत सगळं बोलली. पाठ करून उभी राहिली ते, चुकीच्या जागी जाऊन उभी राहिली ते, उलटी, बारीक केलेला डोळा. डॉक्टरणीनं ऐकून घेतलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं तुळजाराम पुढे भुवनाला म्हणाला.

"ऐया," ती त्याला म्हणाली, "तुमच्या घरी तूक्कु आहे ना? दही नेतो ते झाकणाचं कडीचं भांडं?"

"आहे."

"त्यात घट्ट दही भरा, झाकण लावा आणि भांडं जोरात हिसडा. भांड्याला पोचा येणार नाही. झाकण उघडून बघितलंत तर दही मोडलेलं असेल. हेल्मेट भांडं वाचवतं. ते वाचवायलाच हवं, म्हणून हेल्मेट घालायलाच हवं. पण आतलं हललं की नाही हे भांडं बघून कळत नाही. ते माणसाकडं बघून कळतं. जी मुलगी आपली जागा विसरते तिला त्याच क्षणी बसवायचं असतं. तिला बरं व्हायला वेळ द्यायचा असतो. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर तो हलका असला तरी घात करायला पुरतो."

ती आत निघून गेली. तुळजाराम उभा राहिला. त्याच्या खांद्यावर तोच पंचा होता, टोकाला गेरूनं कायमचा लालसर झालेला.

अखिला वाचली. कवटी उघडून आतलं रक्त काढावं लागलं. ती घरी आली तेव्हा तिचे केस कापलेले होते आणि डाव्या हाताची पकड गेली होती. शब्द यायला वेळ लागे. तमिळ शब्द आला नाही तर ती मराठी शोधे, मराठीही आला नाही तर हातानं दाखवे. दुपारचा उजेड तिला सहन होत नसे, म्हणून घराला पडदे आले. तिची बारावी राहिली. राज्याच्या संघाची यादी लागली, त्यात हरिणीचं नाव होतं.

तुळजाराम वाट बघत राहिला. कुणी तरी येऊन त्याला शिव्या देईल, निदान गल्लीत तोंड फिरवेल, असं त्याला वाटत होतं. उलट लोक त्याला थांबवून त्याचं सांत्वन करत. "हेल्मेट होतं की हो. तुम्ही आणखी काय करणार?" तिरुवैयारूचा तो म्हातारा वाद्यार मुद्दाम बसनं आला, त्याचे दोन्ही हात धरून म्हणाला, "रायर, तुमची पद्धत बरोबर होती. आता आमच्या पोरांनाही आम्ही हेल्मेट घालतो. विधिलिखिताला कोण काय करणार?" जिल्ह्याच्या संघटनेनं जाड स्पंजाची नवी हेल्मेटं आणली आणि पहिलं त्याच्या हातात देऊन फोटो काढला. फोटोत तो हेल्मेट उलटं धरून उभा आहे.

त्यानं आखाडा बंद केला नाही. बंद केला तर पोरं दुसरीकडे जातील, आणि दुसरीकडे कोण बघणार, असं तो म्हणे. पण खेळाची तऱ्हा बदलली. डोक्याला काठी लावणाऱ्याचा गुण तो कापू लागला. डोक्याला काहीही लागलं, ठिपका उठो न उठो, की पोराला बसवायचं आणि त्याच्या घरी स्वतः जाऊन सांगायचं. जुना नियम त्यानं तोंडानं मोडला, पण पोरांच्या अंगात तो मुरला होता. ती अजून मार लपवत. मग तो एकेकाचे डोळे बघत ओळीतून फिरे. "आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंस? हिकडे कसा आलास, सायकलनं की बसनं?" पोरांना गंमत वाटे. एकानं उत्तर दिलं, "वाद्यार, सकाळी तुमचं डोकं खाल्लं." सगळे हसले. तुळजाराम हसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

भुवना म्हणायची, "घरी मला पण विचारता. आज मंगळवार आहे, आणि मी अजून तुमचीच बायको आहे."

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी चंद्रमतीनं त्याला बोलावून घेतलं. दारातच, आवाज खाली करून म्हणाली, "अण्णा, ही गच्चीवर जाऊन काठी फिरवते. सोमवारपासून हरिणीबरोबर मी पण सरावाला जाणार म्हणते. डॉक्टरांनी सांगट्लं आहे, पुन्हा डोक्याला लागायला नाही पाहिजे, कधीच नाही. त्यांचं ऐकत नाही. माझं ऐकत नाही. तिचे बाबा ओरडले तर दोन दिवस जेवली नाही. तुमचंच ऐकेल. तुम्ही नाही म्हणा."

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. अखिला जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसली होती. केस आता कानांपर्यंत आले होते. त्याला पाहून ती उजळली.

"मामा. विचारा की," ती म्हणाली. शब्दांमधून थांबत, पण डोळ्यांत खोडी. "आज शनिवार. सकाळी... ते पांढरं, वाफेचं... इडली. दोन नाही, चार. पास?"

"पास."

"मग सोमवारी येते."

तुळजाराम तिच्यासमोर बसला. गुडघे वाजले. "नोको, अखिला."

"नवीन हेल्मेट आलीत म्हणे. जाड. हरिणी सांगट्ली."

"जाड आहेत. हाड राखतील. आतलं राखणार नाहीत."

"तुम्हीच म्हणायचात..."

"म्हणायचो," तो म्हणाला. "त्या गुरुवारी तू चुकीच्या जागी उभी होतीस. मी समोर होतो. अस्के पोरं हसले, ते मला ऐकू आलं. मी हेल्मेटकडं बघत होतो. तुझ्याकडं बघितलं असतं तर रविवारी तुला नेलं नसतं. तुझा हात गेला तो माझ्यानं गेला."

"काय बोलता हो, अण्णा," चंद्रमती दारातून म्हणाली. "हेल्मेट होतं की डोक्यावर. तुमचं काय चुकलं? देवानं..."

"चंद्रा, चूप," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिला असं कधी बोलला नव्हता. चंद्रमती कॉफी आणायला स्वयंपाकघरात गेली.

अखिला डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक करून उघडत बसली होती. डॉक्टरणीनं शिकवलेला व्यायाम होता तो. बोट उघडे, आणि सोडलं की पुन्हा मिटे.

"कधीच नाही?" तिनं विचारलं.

"कधीच नाही."

"नुसती फिरवायला? समोर कुणी नसताना?"

"एकटी फिरवशील. मग कुणी तरी समोर येईल. तू नाही म्हणणार नाहीस. मी ओळखतो तुला."

ती हसली. मग हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. 

"बरं," ती म्हणाली. "नाही येत."

तुळजारामनं मान हलवली. ज्यासाठी तो आला होता ते झालं होतं. 

"मामा," अखिलानं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादा शब्द शोधताना ती जशी बघायची, तशी ती त्याच्याकडे बघत होती. "हरिणी अजून येते ना?"

"येते."

"रोज?"

"रोज."

"आणि ती लहान पोरं?"

"तीही येतात."

"मग त्यांचं..." ती अडली. तिनं हात उचलून आपल्या कानाच्या वर, केसांतून दिसणाऱ्या वणावर ठेवला. "त्यांचं हे... वेगळं असतं?"

चंद्रमती कॉफी घेऊन आली. वाफ निघत होती. तुळजारामनं अखिलाकडे पाहिलं, तिच्या डोक्यावरच्या हाताकडे पाहिलं.  तो भिंतीला धरून उठला.

"अण्णा, कॉफी," चंद्रमती म्हणाली.

त्यानं उंबऱ्यापाशी चपला पायांत सरकवल्या आणि कॉफी तशीच सोडून तो बाहेर पडला.